चर्च रॉक : दुसरा अपघात

१९७९ सालचा अणुअपघात म्हटलं की एकच नाव निघतं, थ्री माइल आयलंड. मार्च महिन्यात अमेरिकेतली ती अणुभट्टी बिघडली आणि जगभर बातमी झाली. पण त्याच वर्षी, त्याच देशात आणखी एक अपघात झाला. आजचा भाग त्याबद्दल.

१६ जुलैची पहाट. न्यू मेक्सिको राज्यातल्या चर्च रॉकला एक बांध फुटला. युरेनियमचं खनिज दळून, ॲसिडनं धुवून जो गाळ उरतो, त्याच्या तळ्याचा हा बांध. जवळपास ३५ कोटी लिटर आम्लयुक्त किरणोत्सर्गी पाणी आणि हजार टनांहून जास्त गाळ पुएर्को नदीत गेला. आकारमानानं बघाल, तर अमेरिकेतली ही सगळ्यात मोठी किरणोत्सर्गी गळती. बांधाला तडे गेलेत, हे कंपनीला आधीच माहीत होतं.

नदीकाठी नवाहो आदिवासी राहायचे. त्यांच्या मेंढ्या तिथंच पाणी प्यायच्या, पोरं तिथंच खेळायची. नवाहोंनी आपत्ती जाहीर करायची मागणी केली. राज्याच्या गव्हर्नरनं ती मानली नाही.

आणि पूर एका दिवसाचा होता, खाणी मात्र चाळीस वर्षांच्या. १९४४ ते १९८६ मध्ये नवाहोंच्या जमिनीतून सुमारे ३ कोटी टन खनिज निघालं, आधी बॉम्बसाठी, मग वीजप्रकल्पांसाठी. कंपन्या निघून गेल्या, पाचशेहून जास्त खाणी तशाच पडून राहिल्या. बऱ्याच घरांना नळ नव्हता. लोक विहिरीवरून पाणी भरायचे आणि त्यातल्या काही विहिरींत युरेनियम होतं.

आता प्रश्न असा, की असं पाणी प्यायल्यानं होतं काय? आपल्याला वाटतं, किरणोत्सर्ग म्हणजे कॅन्सर. पण पाण्यातल्या नैसर्गिक युरेनियमचा पहिला फटका किडनीला बसतो, तोही जड धातू म्हणून, शिशासारखा. रक्त गाळणाऱ्या किडनीच्या बारीक नळ्यांना तो इजा करतो. पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं पीत राहिलं तरी कळत नाही.

म्हणूनच मर्यादा ठरवावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये ती लिटरला ३० मायक्रोग्रॅम ठेवली. भारतीय मानकातही आता हाच आकडा आहे. आपल्याकडे पंजाब, राजस्थानातल्या काही बोअरच्या पाण्यात याहून जास्त युरेनियम सापडलंय. तिथं खाण असावीच लागते असं नाही, खडकातूनही ते पाण्यात उतरतं. आणि हो, पाणी उकळून युरेनियम जात नाही. पाणी आटतं, धातू तिथंच राहतो. आरओनं तो बराच निघतो, पण आधी लॅबमध्ये तपासणी हवी.

नवाहोंनी २००५ मध्ये आपल्या जमिनीवर युरेनियमच्या खाणींना कायद्यानं बंदी घातली. जुन्या खाणींची साफसफाई मात्र अजून संपलेली नाही.

तुमच्या बोअरचं पाणी शेवटचं कधी तपासलं होतं, घरी विचारून बघा. भेटू पुढच्या भागात!