मनगटातील तंत्रिका-संपीडन
मनगटाची हाडे व त्यांवरील आडवा बंध यांमधील अरुंद बोगद्यात मध्य तंत्रिका दाबली गेल्यास बोटांना, विशेषतः रात्री, मुंग्या येतात. जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये अस्थिभंगानंतरच्या अशा संपीडनाचे वर्णन केले. प्येअर मारी व शार्ल फ्वा यांनी १९१३ मध्ये शवपरीक्षेत तंत्रिकेवरील सूज पाहून बंध छेदण्याचे सुचविले. तथापि पुढेही दोष बहुधा मानेतील जादा बरगडीला दिला जाई व तिच्यावरच शस्त्रक्रिया होई. रसेल ब्रेन व सहकारी (१९४७) आणि जॉर्ज फॅलेन (१९५० पासून) यांच्या कार्यामुळे विकाराचे खरे स्थान सर्वमान्य झाले. फॅलेन यांची मनगट वाकविण्याची चाचणी व तंत्रिका-संवहनाचे मापन निदानास उपयुक्त ठरतात. सौम्य विकारात रात्री आधारपट्टी बांधतात. विकार बळावल्यास अंगठ्याचे स्नायू झिजण्यापूर्वीच बंध छेदणे हितावह असते.