विकत घेतलेले यंत्र कुणाचे? वुडवर्थच्या रंधायंत्राची हकीकत

घरच्या सुतारकामासाठी थिकनेस प्लेनर घ्यायचा म्हटले की आजचा हौशी कारागीर काही ठरावीक गोष्टी पाहतो. किती रुंदीची फळी आत जाते, पाती बदलणे कितपत सोपे आहे, मोटार किती ताकदीची आहे, शेजारी तक्रार करतील इतका आवाज होतो का. १८४० च्या दशकात अमेरिकेत हे यंत्र बाळगणाऱ्याला याहून वेगळी चिंता होती. रोख पैसे मोजून मिळवलेले यंत्र चालवण्याचा हक्क आपल्याकडे किती वर्षे राहणार? हा धागा त्या चिंतेचा आहे, आणि ती शेवटी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन पोहोचली.

आधी यंत्राविषयी. हाताच्या रंध्याने फळी गुळगुळीत करता येते, पण एकसारख्या जाडीच्या शंभर फळ्या काढणे हे कंबर मोडणारे काम. यंत्रात फळी सपाट मेजावरून सरकते आणि वरून वेगाने फिरणारी पाती तिचा पापुद्रा काढतात. मेज आणि पाती यांच्यातले अंतर जेवढे, तेवढी फळीची जाडी. (एक सावधगिरी: हे यंत्र जाडी सारखी करते, वाकडेपणा काढत नाही. रूळ पीळ पडलेली फळी दाबून सपाट करतात, पाती तिला तासतात आणि बाहेर पडताच ती पुन्हा पहिल्यासारखी पिळवटते. म्हणून आधी तिची एक बाजू सपाट करून घ्यावी लागते.)

लाकूड यंत्राने तासण्याची कल्पना वुडवर्थची नव्हे. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचे धाकटे बंधू सॅम्युएल बेंथम यांनी १७९१ मध्ये इंग्लंडमध्ये रंधायंत्राचे पेटंट घेतले होते. १७९३ च्या त्यांच्या दुसऱ्या पेटंटात फिरत्या पात्यांसह लाकूडकामाच्या कितीतरी यंत्रांचे वर्णन आहे. जोसेफ ब्रामा यांचे १८०२ चे पेटंटही याच विषयावरचे. तरीही सर्वसामान्य इमारतीच्या फळ्या त्यानंतर बराच काळ हातानेच रंधल्या जात होत्या.

न्यूयॉर्क राज्यातील विल्यम वुडवर्थ यांना २७ डिसेंबर १८२८ रोजी पेटंट मिळाले. फळी तासणे आणि तिच्या कडांना एकमेकींत अडकणाऱ्या खाचा पाडणे ही दोन्ही कामे त्यांचे यंत्र करत असे. तक्तपोशीसाठी लागणारी फळी नेमकी हीच. खरी मेख होती दाब देणाऱ्या रुळांत. फिरती पाती फळीला वर उचलू पाहतात, रूळ तिला खाली धरून ठेवतात. पाती आणि रूळ यांचा हा मेळच वुडवर्थच्या वारसांच्या हाती सोन्याची खाण ठरला. पेटंटातून सुटका हवी असलेल्या प्रतिस्पर्ध्यांना फिरती पाती सोडून स्थिर पात्यांची यंत्रे रचावी लागली, हेच त्या मेळाच्या मोलाचे प्रमाण मानता येईल.

त्या काळच्या कायद्याप्रमाणे पेटंटाची मुदत १४ वर्षांची, म्हणजे हक्क १८४२ मध्ये संपायचा होता. वुडवर्थ १८३९ मध्ये वारले. त्यांच्या मुलाने, विल्यम डब्ल्यू. वुडवर्थ यांनी, १८४२ मध्ये ७ वर्षांची मुदतवाढ मिळवली. मग १८४५ मध्ये काँग्रेसने खास या एका पेटंटासाठी कायदा करून आणखी ७ वर्षे दिली. आता शेवटची तारीख झाली डिसेंबर १८५६. दरम्यान या पेटंटाचे हक्क प्रदेशवार, अगदी काउंटीगणिक तुकडे करून विकले जात होते. जहागिरीची वाटणी आठवावी असा प्रकार.

खरी अडचण इथे उभी राहिली. मूळ मुदतीत ज्यांनी हक्काचे पैसे देऊन यंत्रे उभारली, त्यांचे वाढीव मुदतीत काय? १८४६ च्या विल्सन विरुद्ध रूसो या खटल्यात न्यायालयाने पहिल्या मुदतवाढीपुरते उत्तर दिले: नव्या मुदतीची मालकी वारसाची, पण आधीपासून चालू असलेली यंत्रे त्यांचे धारक पुढेही चालवू शकतात. या निकालाला १८३६ च्या पेटंट कायद्यातील एका स्पष्ट तरतुदीचा आधार होता. १८४५ च्या खास कायद्यात मात्र अशा धारकांचा साधा उल्लेखही नव्हता. वुडवर्थ-हक्काच्या नव्या मालकांना त्या मौनात मोठा फायदा दिसला.

मग आला ब्लूमर विरुद्ध मॅक्क्यूअन. पिट्सबर्गमधील प्रतिवादींची यंत्रे जुन्या हक्काखाली उभारलेली होती. ब्लूमर यांचा दावा असा, की दुसऱ्या मुदतवाढीत ती चालवायची तर पुन्हा परवानगी घ्या. १८५३ मध्ये सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यांनी दोन हक्क वेगळे केले. यंत्र बनवण्याचा आणि विकण्याचा हक्क हा मक्तेदारीचा अंश, तो मुदतीबरोबर संपतो. वापरण्यासाठी घेतलेले यंत्र मात्र खरेदीदाराच्या हाती जाताच मक्तेदारीच्या कक्षेबाहेर पडते. ते इतर कोणत्याही मालमत्तेसारखे त्याचे होते. न्यायमूर्ती मॅक्लीन यांनी याच्याशी असहमती नोंदवली.

टॉनी तेवढ्यावर थांबले नाहीत. दाम मोजून मिळवलेला असा हक्क काँग्रेसने खास कायद्याने हिरावला, तर ती योग्य कायदेशीर प्रक्रिया म्हणता येणार नाही, असेही त्यांनी सुचवले. वाक्य निरुपद्रवी, किंबहुना न्याय्य वाटते. पण चारच वर्षांनी, १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट खटल्यात याच टॉनींनी जवळपास हाच युक्तिवाद गुलामांच्या मालकांसाठी वापरला. गुलाम ही मालमत्ता, आणि प्रांतांत गुलामगिरीला बंदी घालणे म्हणजे ती मालमत्ता हिरावणे, असे त्यांचे म्हणणे. पिट्सबर्गच्या लाकूडवाल्याचे रक्षण करणारे तर्कशास्त्र माणसाला वस्तू ठरवतानाही तितक्याच सहजतेने चालले. टॉनींना एका निकालासाठी उदारमतवादी म्हणणाऱ्यांनी दुसरा निकालही शेजारी ठेवून वाचावा.

पेटंटाची भूक अजून शमली नव्हती. तिसऱ्या मुदतवाढीची मागणी झाली, तिच्याविरुद्ध काँग्रेसकडे अर्ज गेले, आणि या वेळी मागणी फसली. १८५६ च्या अखेरीस, २८ वर्षांनी, वुडवर्थचे यंत्र कोणालाही बनवण्यास मोकळे झाले. पुढे विजेच्या मोटारी आल्या. १९८० च्या दशकात रायोबी कंपनीच्या एपी-१० सारख्या उचलून नेता येणाऱ्या प्लेनरांमुळे कारखान्यातले हे अवजड धूड घरच्या कामाच्या टेबलावर येऊन बसले.

ब्लूमरचा निकाल मात्र जुन्या ग्रंथांत पडून राहिला नाही. लेक्समार्क कंपनीने वापरलेली प्रिंटर-काडतुसे पुन्हा भरून विकणाऱ्यांना पेटंटाच्या जोरावर रोखू पाहिले. एकदा विकलेल्या काडतुसावर कंपनीचा पेटंट-हक्क उरत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्यात आधार म्हणून जे जुने निवाडे उद्धृत केले, त्यांत पिट्सबर्गच्या रंधायंत्रांचा हा खटलाही होता.