विनोदी दूरचित्रमालिका आणि अनुच्चारित विषय

१९७२ या एकाच वर्षात तीन गोष्टी घडल्या. १ एप्रिल रोजी वैद्यकीय गर्भपाताचा कायदा भारतात अमलात आला. २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील ‘मॉड’ या विनोदी मालिकेच्या दोन भागांत ४७ वर्षे वयाच्या नायिकेने गर्भपाताचा निर्णय घेतला. या दोन भागांमुळे तेथे मोठे वादळ उठले. काही स्थानिक केंद्रांनी ते दाखविण्याचे नाकारले. तिन्ही घटना परस्परांपासून स्वतंत्र असल्या, तरी त्या शेजारी ठेवून पाहिल्या असता एक विसंगती नजरेत भरते. जेथे कायद्याचे चित्र अद्याप राज्याराज्यांत वेगळे होते, तेथे विनोदी मालिकेने हा विषय उच्चारला; जेथे कायदा होऊन चुकला होता, तेथील गाजलेल्या विनोदी मालिकांत त्याला मध्यवर्ती स्थान मिळाल्याचे आढळत नाही.

हे मौन वैचारिक दारिद्र्यातून आले असे म्हणता येणार नाही. ज्या समितीच्या शिफारशींवर हा कायदा उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळातील होते. त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ साली, र. धों. कर्व्यांनी मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले होते. मौनाचे कारण अन्यत्र शोधावे लागते, आणि ते बव्हंशी या मालिकांच्या घडणीत सापडते.

अमेरिकन विनोदी मालिकाही प्रारंभी भित्र्याच होत्या. १९५२ साली ‘आय लव्ह लूसी’ची नायिका गर्भवती झाली तेव्हा ‘गर्भवती’ हा साधा शब्दही संवादांत टाळण्यात आला. पुढे धीर वाढला. १९८३ साली ‘डिफरंट स्ट्रोक्स’ या मालिकेने बालकांच्या लैंगिक छळावर दोन भाग केले. परंतु तेथील रीत ठरून गेली होती. अप्रिय विषय पाहुण्यासारखा येई, एक-दोन आठवडे घरात राही, सर्वांना गंभीर करी आणि निघून जाई. त्यानंतरच्या आठवड्यात घर पूर्ववत् हसते असे.

महाराष्ट्रात घडलेल्या मालिकांनी याच्या नेमके उलट केले. त्यांनी अप्रिय विषयावर स्वतंत्र भाग क्वचितच रचला. पण त्या विषयाला एखाद्या पात्राचे रूप देऊन कायमचे घरात ठेवून घेतले.

मुंबई केंद्रावरील ‘चिमणराव’ मालिकेत (१९७७–७९) ही रीत अद्याप दिसत नाही. चिं. वि. जोशी यांच्या कथांतील जुने मध्यमवर्गीय जग दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी उभे केले. गतकाळाचा पोशाख हेच तिचे संरक्षक कवच होते. वर्तमानाची बोचणी तिला फारशी लागली नाही. पुढे शासनाने स्वतःच कुटुंबनियोजनाचा विषय कथेतून मांडण्याचा घाट घातला आणि ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. ती विनोदी मालिका नव्हे. तथापि तिच्या आरंभीच्या भागांतील उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही व तो सौम्य करावा लागला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगविता येत होता. कथेत तो खपत नव्हता.

‘नुक्कड’ (१९८६–८७) मात्र वेगळ्या जातीची. सईद अख्तर मिर्झा व कुंदन शहा यांच्या या मालिकेत मुंबईच्या एका कोपऱ्यावर सायकल दुरुस्त करणारा, भिकारी, मोलकरीण आणि बेकार तरुण एकत्र जमतात. समीर खक्कर यांनी रंगविलेला ‘खोपडी’ हा दारुडा त्यांतलाच एक. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि पुढे तो शिथिल होत गेला. घरोघरच्या व्यसनाचे दुःख मात्र कायद्याच्या चढउताराबरोबर कमी-जास्त झाले नाही. खोपडीला पाहून प्रेक्षक हसत, पण मालिका त्याला सुधारीतही नाही आणि हाकलूनही देत नाही. एखाद्या उपदेशपर भागापेक्षा हे अधिक प्रामाणिक होते. मात्र खोपडी कोपऱ्यावरचा आहे. तो कोणाचा तरी नवरा असता आणि कॅमेरा त्याच्या घरात शिरला असता, तर हसू टिकले असते काय, हा प्रश्न मालिकेने दूर ठेवला.

तो घरात शिरला झी वाहिनीवरील ‘हम पाँच’मध्ये (१९९५). येथे अशोक सराफ हे पाच मुलींचे त्रस्त वडील. दिवंगत प्रथम पत्नी भिंतीवरील तसबिरीतून बोलते. ती भूमिका प्रिया तेंडुलकर यांची. १९८५ साली ‘रजनी’ होऊन गॅसवाल्याला व टॅक्सीवाल्याला जाब विचारणारी अभिनेत्री दहा वर्षांनी चौकटीत बसली, हा योगायोगच म्हणावयाचा. मृत्यू व पुनर्विवाह हे जड विषय तसबिरीमुळे हलके झाले, आणि ही युक्ती खरोखर चतुर होती. एका मुलीच्या बहिरेपणावर काढलेले विनोद तसे म्हणता येत नाहीत. आणखी महत्त्वाचे असे की, पाच मुली म्हणजे बापावरील आपत्ती हे विनोदाचे गृहीतकृत्य होते. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात प्रथम, १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ चा कायदा १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. म्हणजे मुलींचा जन्मच टाळला जाऊ नये म्हणून कायदे होत असताना दिवाणखान्यात पाच मुलींवर हशा पिकत होता. त्या पाचही मुली बोलक्या, हट्टी आणि जिवंत होत्या, ही मालिकेची जमेची बाजू. परंतु ज्या गृहीतकावर सारा डोलारा उभा होता, त्याकडे बोट दाखविणारे पात्र तिच्यात नव्हते.

या विषयाच्या साधनांची स्थिती समाधानकारक नाही. त्या काळी ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरीत. ‘चिमणराव’चे फार थोडे भाग आज पाहावयास मिळतात. अशा स्थितीत प्रेक्षकांची स्मृती हेच मोठे साधन ठरते, आणि तीही केवळ मुंबई-पुण्याची पुरेशी नाही. सोलापूरसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी दूरदर्शन पोहोचले ते मुख्यतः १९८४ च्या सुमारास झालेल्या प्रक्षेपणविस्ताराबरोबर; तेथील प्रेक्षकाने ‘चिमणराव’ नव्हे, तर ‘नुक्कड’ प्रथम पाहिली असण्याचा संभव अधिक. सोलापूरच्या पूर्व भागात माग आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली असत. तीन पिढ्यांनी एकाच खोलीत बसून मालिका पाहिली, की काय उच्चारावे याची मर्यादा खोलीच ठरवीत असे. पुणे रस्त्यावरील चिंचोळी औद्योगिक वसाहतीत आज जे कामगार पन्नाशीत आहेत, ते ‘नुक्कड’च्या वेळी शाळकरी मुले होते. खोपडी पडद्यावर आला की खोलीतील कोणते माणूस हसत असे आणि कोणते उठून बाहेर जात असे, हे त्यांना आज विचारता येईल. आणखी वीस वर्षांनी ते सांगणारे फारसे उरणार नाहीत.