राज्य, भिडू आणि लिंबूटिंबू

आपल्या बालपणींच्या खेळांच्या गोष्टी नातवंडांस सांगणें हा वडील माणसांचा एक आवडता उद्योग आहे. त्यांत आठवणींची गोडी असते, थोडी अतिशयोक्ति असते, आणि 'आतां तसें कांहीं उरलें नाहीं' हा उसासा तर ठरलेलाच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें या गोष्टींकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे. ज्या व्यवहाराचे कागद कोणी लिहून ठेविले नाहींत, त्याच्या खुणा पुष्कळदां मुलांच्या तोंडीं टिकून राहतात; आणि त्या ज्या मार्गानें आपल्यापर्यंत आल्या, तो मार्ग आतां बंद होत चालला आहे.

उदाहरणार्थ विटीदांडू घ्या. जमिनींत लहानशी गल खणावयाची, तीवर विटी आडवी ठेवून दांडूनें कोलावयाची, आणि समोरच्या भिडूंनीं ती झेलावयाची. हा खेळ जुना आहे यांत शंका नाहीं. तुकोबांच्या गाथेंत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, टिपरी, फुगडी या खेळांवर अभंगच आहेत. ऐकणारास खेळ ठाऊक असल्याखेरीज त्यावर रूपक रचतां येत नाहीं. तेव्हां सतराव्या शतकांत हे खेळ घरोघरचे असले पाहिजेत. पण गाथेहूनही बोलका पुरावा मुलांच्या मोजणींत आहे. वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झंकू असें मोजीत आम्ही लहानपणीं विटी मारीत असूं. गांवोगांवीं उच्चार थोडे बदलतात. मराठींत या शब्दांस कांहींच अर्थ नाहीं. तेलुगु भाषेंत मात्र एक, दोन, तीन, चार यांस ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात; सहास आरु आणि सातास एडु. मधला पांच, म्हणजे ऐदु, तेवढा वाटेंत कोठें तरी गळाला! दोन शेजारी भाषा बोलणारीं मुलें केव्हां तरी एकत्र खेळलीं, याची ही साक्ष कोणत्याही दप्तरांत सांपडावयाची नाहीं. शब्दांचा अर्थ गेला, तरी डाव चालला पाहिजे म्हणून शब्द राहिले.

त्यानंतरचा थरही याच खेळांत दिसतो. पळतां पळतां दम लागला म्हणजे मूठ ओठांशीं नेऊन मूल 'टॅम्प्लीज' म्हणून ओरडे, आणि पाठलाग तत्काळ थांबे. 'टाइम' आणि 'प्लीज' असे दोन इंग्रजी शब्द त्यांत दडले आहेत, याची त्यास वार्ताही नसे. तेलुगु अंक आणि इंग्रजी विनंती एकाच अंगणांत सुखानें नांदत होतीं.

खास मराठी परिभाषा तर याहून विचार करण्याजोगी आहे. पाठलागाचें काम ज्याच्या वांट्यास येई, त्याच्यावर 'राज्य' आलें असें आम्ही म्हणत असूं. राज्य हा मान नव्हे, ओझें. तें दुसऱ्यावर ढकलून मोकळें व्हावयाचें. राज्य कोणावर यावयाचें हें तळवे उताणे-पालथे टाकून ठरे. तेथें दांडगाईचें कांहीं चालत नसे. तंटा झाला तर मिटविण्यास पंच नसे. खेळ मोडला तर सर्वांचाच तोटा, या एका जाणिवेवर तो मिटे. आणि धाकटें भावंड रडत मागें लागलें, तर त्यास हांकलून न देतां 'लिंबूटिंबू' म्हणून घेत. तें पळे, ओरडे, पण बाद झालें तरी त्याच्यावर राज्य येत नसे. अशीं एक-दोन वर्षें गेलीं म्हणजे कोणीं न शिकवितां त्यास सारे नियम येत.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. हे खेळ आजोबांनीं नातवास शिकविले नाहींत. दहा वर्षांच्या मुलानें सात वर्षांच्या मुलास शिकविले. इंग्लंडांत आयोना आणि पीटर ओपी या दांपत्यानें सुमारें पांच हजार शाळकरी मुलांकडून त्यांचीं गाणीं, कोडीं आणि संकेत गोळा करून १९५९ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या 'टॅम्प्लीज'सारखे खेळ थांबविण्याचे शब्द प्रांतोप्रांतीं कसे बदलतात, याचा त्यांनीं नकाशाच काढला. तेथेंही हेंच आढळलें, कीं हें धन मुलांकडून मुलांकडे जातें. साखळी पिढ्यांची नसून वयांची आहे. म्हणूनच ती शतकें टिकली, आणि म्हणूनच एका पिढींत तुटूं शकते.

विसाव्या शतकाच्या आरंभीं देशी खेळ जगविण्याची काळजी आपल्या कांहीं सुज्ञांस वाटूं लागली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यांत १९१४ सालीं खोखोच्या नियमांस आकार देण्यांत आला. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें १९२३ सालीं हुतुतूचे नियम प्रसिद्ध केले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. या खटपटीचें फळ मोठें आहे. हुतुतू कबड्डी होऊन १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई सामन्यांत गेला, आणि खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झाली. हे उपकार विसरतां येणार नाहींत. परंतु नियम छापले म्हणजे पंच येतो, आणि पंच आला म्हणजे तंटा मिटविण्याची कला मुलांच्या हातून जाते. शिवाय कोणत्याही नियमावलींत लिंबूटिंबूसाठीं कलम नाहीं. ज्या खेळांस मंडळांचा आश्रय मिळाला ते मैदानावर वाचले. विटीदांडू, लगोऱ्या, सूरपारंब्या यांसारखे खेळ बहुतांशीं मुलांच्याच भरंवशावर राहिले.

आणि ती मुलांची मंडळी आतां कोठें आहे? वाड्यांचीं अंगणें गेलीं, रस्ते मोटारींनीं घेतले, हीं कारणें सर्वांस ठाऊक आहेत. मला त्याहून महत्त्वाचें वाटतें तें कारण निराळें आहे. शाळेंत, शिकवणींत, क्रीडावर्गांत आपण मुलांस वयवार विभागून टाकलें. सात वर्षांच्या मुलास आतां सात वर्षांचींच मुलें भेटतात. दहा वर्षांचा दादा आणि चार वर्षांचें लिंबूटिंबू हीं दोघेंही त्याच्या वांट्यास येत नाहींत. माझ्या नातवास मीं लगोऱ्यांची हकीकत सांगितली, तेव्हां त्यानें विचारलें, "पण आजोबा, आउट कोण द्यायचं?" त्याच्या अनुभवास धरून प्रश्न अगदीं रास्त होता.

म्हणून आजी-आजोबांच्या गोष्टींस आज एक नवें काम आलें आहे. शहरांत तरी थोरल्या मुलांकडून अंगणांत खेळ शिकलेलीं माणसें दिवसेंदिवस कमी होत जाणार. आपल्या गांवची मोजणी, राज्य ठरविण्याची रीत, थांबण्याचे संकेत ज्यांस आठवतात, त्यांनीं ते गांवाच्या नांवासह लिहून ठेवावे; पुढच्या अभ्यासकास तें दप्तर होईल. परंतु लिहिलेला खेळ म्हणजे खेळ नव्हे. शेजारचीं लहानमोठीं सात-आठ मुलें जमवावीं, दांडू तासून द्यावा, एक डाव आपण खेळून दाखवावा, आणि पहिला तंटा सुरू होतांच तेथून उठून घरांत यावें. तो तंटा मुलांनींच मिटवावयाचा आहे.