वीस हा आकडा आणि हरवलेले आठपट पाणी

१) १८६०च्या दशकात इंग्लंडमधील वेकफिल्ड गावच्या एका रहिवाशाने नदीप्रदूषण आयोगाला एक लेख सादर केला. तो शाईने लिहिलेला नव्हता. कॅल्डर नदीला गावाचे गटार मिळते, तिथल्या पाण्यात बोरू बुडवून तो लिहिला होता. अक्षरे स्पष्ट उमटली होती.

२) कायदा नव्हता असे नाही. १८६१च्या सॅमन मत्स्यव्यवसाय कायद्याने मासे मारणारे द्रव्य नदीत सोडणे गुन्हा ठरवले होते. मात्र ‘परवडेल त्या खर्चात शक्य ते उपाय केले’ असे सिद्ध करणारा कारखानदार सुटत असे. शक्य म्हणजे किती, याला मापच नव्हते.

३) ते माप १८६८च्या आयोगाने सुचवले. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड त्याचे सदस्य होते. लाख भाग पाण्यात कोणते द्रव्य किती चालेल, याची यादीच त्यांनी दिली. १८७६च्या कायद्यात यातला एकही आकडा आला नाही.

४) १८९८ साली नवा शाही आयोग बसला. त्याने प्रश्न वेगळ्या अंगाने पाहिला. सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणू खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. अशा पाण्यात मासा विषाविनाही गुदमरतो. म्हणून सांडपाणी पाच दिवसांत किती प्राणवायू ओढते, तेच मोजायचे. हीच आजची ‘बीओडी’.

५) १९१२च्या आठव्या अहवालातील हिशेब सोपा आहे. स्वच्छ नदीची बीओडी लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम. ती ४ च्या वर गेली की नदी बिघडू लागते. सांडपाणी एक भाग आणि नदी आठ भाग धरली, तर १×२० + ८×२ = ३६; भागिले ९ = ४. वीसची मर्यादा आली ती इथून.

६) म्हणजे वीस हा आकडा एकटा कधीच नव्हता, आठपट पाणी त्याच्या पोटातच होते. नदीचे पाणी सांडपाण्याइतकेच उरले, तर त्याच वीसने मिश्रणाची बीओडी ११ होते. स्थानिक परिस्थितीनुसार मर्यादा बदलावी, असे आयोगाने स्वतःच सांगितले होते. पुढच्या पिढ्यांनी आकडा पाठ केला आणि अट विसरल्या.

७) आपल्याकडे महाराष्ट्राने १९६९ साली, तर केंद्राने १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा केला. १९८६च्या पर्यावरण नियमांत पुढे जोडलेली सर्वसाधारण मानके नदीत सोडायच्या पाण्याला ३० मिलिग्रॅम बीओडीची मुभा देतात. मोजणी २७ अंशांवर, तीन दिवसांची. त्यांत माशाचीही कसोटी आहे: निव्वळ सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत हवेत.

८) ही कसोटी मोलाची आहे. पण तिच्यात सापडते ते चार दिवसांत मारणारे विष. महिनोन्‌महिने कोंडणारा श्वास तिला दिसत नाही. सह्याद्रीतल्या कित्येक नद्या वैशाखात वाहायच्या थांबतात आणि मासे डोहांच्या आश्रयाला जातात. १० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. तिथे आठपट पाणी आणायचे कुठून?

९) सर्वसाधारण मानकांहून कडक मर्यादा घालण्याचा अधिकार त्याच नियमांनी प्रदूषण नियंत्रण मंडळांना दिलेला आहे. म्हणून ‘सांडपाणी मर्यादेत आहे’ असे वाचाल, तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभेल असा एक प्रश्न विचारा: कोणत्या महिन्यात, आणि नदीत तेव्हा पाणी किती होते? १९१२च्या अहवालाने हा प्रश्न विचारूनच आकडा मांडला होता.