जहाजबांधणीच्या पोलादी प्लेट (तुलना)

जहाजबांधणीच्या पोलादी प्लेट म्हणजे जहाजाचा सांगाडा, बाह्य कवच व डेक यांसाठी वापरले जाणारे, वर्गीकरण संस्थेने प्रमाणित केलेले जाड पोलादी पत्रे होत. विविध देशांत तयार होणाऱ्या या प्लेटची तुलना मुख्यतः बल, चिवटपणा, वितळजोडकामाची (वेल्डिंगची) सुलभता आणि एकूण खर्च या चार निकषांवर केली जाते.

प्रती व मानके

आंतरराष्ट्रीय वर्गीकरण संस्थांच्या समान नियमांमुळे प्लेट कोणत्याही देशाची असली तरी तिची प्रत एकाच भाषेत सांगता येते. ए, बी, डी आणि ई या साधारण प्रतींचे पोलाद किमान २३५ मेगापास्कल ताणापर्यंत कायमचे वाकत नाही. उच्चबल पोलादात ही मर्यादा ३२ क्रमांकासाठी ३१५, ३६ साठी ३५५ आणि ४० साठी ३९० मेगापास्कल असते. प्रतीचे अक्षर चिवटपणा दर्शवते. डी प्रतीची आघात चाचणी उणे २०° से., तर ई प्रतीची उणे ४०° से. तापमानास घेतली जाते. भारतात हे प्रमाणन करणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग या संस्थेची स्थापना १९७५ मध्ये झाली असून तिचे मुख्यालय मुंबईतील पवई येथे आहे.

वेल्डिंगची सुलभता

सांध्याजवळचे पोलाद वेल्डिंगनंतर वेगाने थंड होते. कार्बन व मिश्रधातूंचे प्रमाण जास्त असल्यास तो भाग कठीण व ठिसूळ बनतो आणि ओलाव्यातून शिरलेल्या हायड्रोजनमुळे काही तासांनी किंवा दिवसांनीही तेथे तड जाऊ शकते. हा धोका ‘कार्बन तुल्यांका’ने मोजतात :

कार्बन + मँगनीज/६ + (क्रोमियम + मॉलिब्डेनम + व्हॅनेडियम)/५ + (निकेल + तांबे)/१५

उदाहरणार्थ, ०.१८ टक्के कार्बन व १.५ टक्के मँगनीज असलेल्या प्लेटचा तुल्यांक (इतर घटक वगळता) ०.४३ येतो, ०.०८ टक्के कार्बन व १.४४ टक्के मँगनीज असल्यास तो ०.३२ भरतो. नियंत्रित तापमानात लाटून व वेगाने थंड करून कमी कार्बनच्या पोलादालाही उच्च बल देता येते. जपानी कारखान्यांनी पुढे आणलेली ही पद्धत आता कोरिया, चीन, युरोप व भारतातही वापरली जाते. त्यामुळे केवळ उत्पादक देशाच्या नावावरून वेल्डिंगची सुलभता ठरवता येत नाही. त्यासाठी प्रत्येक घाणीचे कारखान्याने दिलेले रासायनिक चाचणीपत्र पाहावे लागते.

निकृष्ट चिवटपणाचे परिणाम दुसऱ्या महायुद्धात दिसून आले. जानेवारी १९४३ मध्ये ‘स्केनेक्टडी’ हे अमेरिकी तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याजवळ उभे असताना दुभंगले. रिव्हेटच्या जहाजात तड प्लेटच्या कडेशी थांबण्याची शक्यता असते; वेल्ड केलेल्या अखंड कवचात मात्र ती पुढे पसरत जाऊ शकते.

खर्च

प्रतिटन दर हा खर्चाचा केवळ एक भाग होय. वाहतूक, विमा, आयात शुल्क, चलनदर व प्रमाणन यांची त्यात भर पडते. कार्बन तुल्यांक जास्त असल्यास वेल्डिंगपूर्वी प्लेट तापवणे, कमी हायड्रोजनच्या कांड्या भट्टीत कोरड्या ठेवणे आणि सांध्यांची वाढीव तपासणी करणे भाग पडते. मजुरी व वेळ दोन्ही वाढतात. स्वस्त प्लेट अशा प्रकारे अखेरीस महाग ठरू शकते. उलट, अधिक बलाची प्लेट पातळ वापरता येत असल्याने वजन व वेल्डिंग या दोहोंत बचत होते. शासकीय धोरणही खर्चावर परिणाम करते : एप्रिल २०२५ मध्ये भारताने काही सपाट पोलादी उत्पादनांच्या आयातीवर २०० दिवसांसाठी १२ टक्के तात्पुरते संरक्षण शुल्क लावले.

भारतातील अनुभव

भारतीय युद्धनौकांसाठीचे विशेष पोलाद दीर्घकाळ रशियातून येत असे. विमानवाहू ‘विक्रांत’साठी हा पुरवठा अडचणीत आल्यावर हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले डीएमआर-२४९ए हे पोलाद वापरण्यात आले. स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाने भिलाई, बोकारो व राउरकेला येथील कारखान्यांतून या नौकेसाठी सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद पुरवले. कोची येथे बांधलेली ही नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या व २१ नोव्हेंबर २०२१ रोजी दाखल झालेल्या ‘विशाखापट्टणम’ या विनाशिकेतही हेच पोलाद आहे.

या अनुभवाने तुलनेत एका निकषाची भर घातली, ती म्हणजे पुरवठ्याची खात्री. प्लेट वेळेवर न मिळाल्यास गोदी अडकून राहते आणि त्या विलंबाचा खर्च कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.