जड डब्याचा रंग

दसरा उलटला की आमच्या आजोबांची घर रंगवण्याची धांदल सुरू होई. भिंतींना चुना ठरलेला. चुनकळी आणायची, पिंपातल्या पाण्यात सोडायची, ती रटरटू लागली की आम्हां पोरांना अंगणाबाहेर पिटाळायचे, आणि निवल्यावर फडक्यातून गाळून तीत डिंकाचे पाणी व चिमूटभर नीळ घालायची. यात निवडानिवड कसली? निवड करायची ती दारेखिडक्यांच्या तेलरंगाची. त्यासाठी आजोबा स्वतः पेठेत जात. दुकानदाराने पुढे ठेवलेले दोन डबे दोन हातांत घेऊन ते तोलत, आणि जो जड लागे तो घेऊन घरी येत. "डब्यावरचं चित्र काय बघायचं? वजन बघावं," असे ते म्हणत.

हा म्हाताऱ्या माणसाचा चक्रमपणा, असे मी पुष्कळ वर्षे समजत होतो. पुढे मास्तरकी करता करता जुन्या पुस्तकांत डोके खुपसण्याची खोड लागली, तेव्हा कळले की आजोबांची कसोटी खोटी नव्हती. जवळजवळ दोन हजार वर्षे शहाणे लोक उत्तम रंग याच कसोटीने ओळखत आले होते. डबा जड कशाने होई? शिशाने.

शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाला आपल्याकडे सफेता म्हणत. तो करण्याची रीत फार जुनी आहे. व्हिट्रूव्हियस नावाचा रोमन वास्तुशास्त्रज्ञ इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात होऊन गेला. तो लिहितो की रोड्झ बेटावरचे लोक रांजणात काटक्या रचून त्यांवर शिर्का ओततात, वर शिशाचे तुकडे ठेवतात आणि तोंड बंद करतात. कालांतराने उघडून पाहावे तो शिशाचा सफेता झालेला असतो. पुढे डच कारखानदारांनी हीच युक्ती वाढवली. शिसे आणि शिर्का यांची मडकी त्यांनी घोड्याच्या लिदीत पुरून ठेवली. लिदीच्या उबेने आणि तिच्यातून निघणाऱ्या वायूने काही आठवड्यांत शिशावर पांढरी खपली धरे. लिदीतून पांढरेशुभ्र काही निघावे, हे नवलच म्हणायचे! हा सफेता अळशीच्या तेलात घोटला म्हणजे त्याचा तेलाशी असा काही सांधा जमे की त्याचा थर चिवट होई, ऊनपावसाला दाद देत नसे, आणि एका हातातच खालचे लाकूड झाकून टाकी. चांगल्या रंगात आणखी काय हवे?

आणि शिसे काही एकट्या सफेत्यात नव्हते. तेल लवकर वाळावे म्हणून त्यात टाकीत ते मुरदाडशिंग शिशाचेच. खिडक्यांचा पिवळा रंग शिसे आणि क्रोमियम यांचा. त्यातच निळा मिसळला की आपल्या वाड्यांच्या दारांचा तो ओळखीचा हिरवा होई. लोखंडी पुलांना गंज चढू नये म्हणून देत तो तांबडा हात आणि वेशीवरच्या मारुतीचा शेंदूर, ही तर सख्खी भावंडे.

आता गंमत अशी, गंमत कसली म्हणा, की ज्या व्हिट्रूव्हियसने सफेत्याची कृती लिहून ठेवली त्यानेच त्याच ग्रंथात शिसे शरीराला अपायकारक असल्याचेही लिहून ठेवले आहे. शिशाचे काम करणाऱ्यांचे चेहरे कसे फिके पडतात, हे त्याने पाहिले होते. म्हणजे माहिती नव्हती असे नाही. रंग विकत घेणाराचा चेहरा फिका पडत नव्हता, एवढेच. रंगाऱ्यांची पोटे दुखत, मनगटे लुळी पडत, आणि घरमालक भिंतीवर हात फिरवून माल चांगला असल्याची खात्री करून घेई.

या अंधारात एक माणूस मला फार आवडतो. पॅरिसचा लक्लेर. हा स्वतः घरे रंगवणारा कारागीर, पुढे कंत्राटदार झाला. आपले गडी सफेत्याने खंगतात हे पाहून त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जस्ताचा पांढरा रंग वापरात आणण्याची खटपट केली. धंद्याच्या नफ्यात गड्यांना वाटा देण्याची चालही त्याने १८४२ मध्ये सुरू केली होती. जस्ताचा रंग जरा कमी झाकतो हे गिऱ्हाइकाला पटवणे त्याला किती जड गेले असेल!

पोरांचा नंबर मात्र त्याही नंतर लागला. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनकडची घरे लाकडी, भोवती रंगवलेल्या कठड्यांच्या ओसऱ्या. उन्हाने त्या रंगाची भुकटी होई, ती खेळणाऱ्या पोरांच्या हाताला लागे आणि बोटांवाटे तोंडात जाई. गिब्सन नावाच्या डॉक्टरने १९०४ मध्ये हे लिहून दाखवले. मुलांच्या हाताशी येणाऱ्या जागी असला रंग लावू नये, असा कायदा क्वीन्सलंडमध्ये व्हायला १९२२ साल उजाडले. आदल्याच वर्षी जिनीव्हाच्या मजूर परिषदेने इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेता वापरू नये असा करार केला होता. पण तो रंगाऱ्यांसाठी होता, आणि त्यातही कारखाने व रेल्वे स्टेशने यांना सवलत होती. अमेरिकेने घरगुती रंगातले शिसे रोखले ते १९७८ मध्ये. आपल्याकडचा नियम २०१६ चा. १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू झाला: रंगाच्या दहा लाख भागांत शिसे ९० भागांपेक्षा अधिक नको.

आज पांढरेपणा येतो तो टायटॅनियमने. ते ज्या खनिजातून काढतात ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत सापडते. काळ्या वाळूतून पांढरा रंग! लिदीपेक्षा हे बरे. आणि ज्या चुन्यात आम्हांला निवडण्याजोगे काही वाटत नव्हते, तो हवेतला वायू शोषून पुन्हा दगड होत होता. पाठीला लागे, दरसाल द्यावा लागे, कळी उमलताना डोळे सांभाळावे लागत. पण एकदा वाळला की पोरांनी भिंत चाटली तरी त्याची भीती नव्हती.

मागच्या दिवाळीपूर्वी आमच्या जुन्या घराचे दार रंगवायला काढले. आजोबांच्या वेळचा हिरवा हात अजून खाली होता, जागोजाग पापुद्रे सुटलेला. रंगारी सुका काचकागद घेऊन घासायला बसणार, तेवढ्यात मी त्याला थांबवले. पुतण्यांना मागच्या दारी धाडले, दार ओले करून घासायला सांगितले, आणि खाली पसरलेला कागद सगळ्या पापुद्र्यांसकट बांधून बाजूला ठेवला. तो हसला, पण त्याने ऐकले. मग नव्या रंगाचा डबा मी त्याच्यापुढे ठेवला. शिसे नसल्याचे वर छापले आहे, हे मी दुकानातच वाचून घेतले होते. त्याने ते वाचले नाही. डबा उचलून हातात जरा खालीवर केला आणि म्हणाला, "गुरुजी, हलका लागतोय हो."